जुन्या मोटारसायकलची बॅटरी पक्की कशी बसवायची

जुन्या मोटारसायकलवर नवी बॅटरी वर्षभरात गेली की दोष बॅटरीला नाहीतर चार्जिंगला दिला जातो. ती डब्यात कशी बसली होती, हे क्वचितच कुणी पाहतं. पट्टा ओढून घट्ट केला, सीट बसवली, काम संपलं. खरं तर बॅटरी जागच्या जागी धरून ठेवायचं बरंचसं काम पट्ट्याचं नसतंच. ते खालच्या रबराचं आणि बाजूच्या पॅकिंगचं असतं. पट्टा फक्त बॅटरी वर उडू देत नाही. एवढं ध्यानात ठेवलं की पुढची सगळी कामं कोणत्या क्रमाने करायची, ते आपोआप ठरतं.

आधी बॅटरीच्या आत काय होतं ते थोडक्यात. लेड-ॲसिड बॅटरीत शिशाच्या जाळ्यांवर, म्हणजे प्लेटांवर, लेपासारखा पदार्थ भरलेला असतो आणि वीज साठते ती या लेपात. कंपनांनी लेप सुटतो आणि गाळ होऊन तळाशी बसतो. गाळाचा थर प्लेटांच्या खालच्या कडेपर्यंत चढला की त्या आतल्या आत जोडल्या जातात आणि सेल मरतो. एक सिलिंडरच्या गाड्यांची कंपनं सगळ्यांनाच ठाऊक आहेत. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन यांच्या जुन्या दोन सिलिंडरच्या इंजिनांतही दोन्ही पिस्टन एकत्रच वर-खाली होतात, त्यामुळे कंपनांच्या बाबतीत ती एका मोठ्या सिंगलसारखीच वागतात. ३००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ५० फेरे मारतं, म्हणजे तासाभरात १ लाख ८० हजार. प्रत्येक फेऱ्याला सैल बॅटरी डब्यावर आपटत असेल, तर चांगल्यातली चांगली बॅटरीही टिकायची नाही. शिवाय सैल बॅटरीचं टर्मिनल सीटच्या पत्र्याला टेकलं तर ठिणगी पडते, वायर वितळते, आणि वर पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते.

काढण्यापूर्वी नीट बघा

सीट उघडा, साइड पॅनल काढा आणि पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. बॅटरीच्या कवचावर घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत का? डब्याच्या पत्र्यावरचा रंग एकाच जागी उडालाय का? बॅटरी कुठे हलते, ते या खुणा नेमकं सांगतात. पॅकिंग तिथेच कमी पडलेलं असतं. टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट भुकटी असेल तर ॲसिड बाहेर आलेलं आहे. सीटच्या तळाकडेही बघा. तिथे टर्मिनलच्या आकाराचा ठसा किंवा काळा डाग दिसला, तर सीट दबल्यावर बॅटरीला टेकते हे नक्की.

वायरी कुठून कशा गेल्यात, याचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. जुन्या गाडीत आधीच्या मालकांनी काय काय जोडून ठेवलंय याचा भरवसा नसतो.

बॅटरी काढताना: आधी अर्थ

‘आधी मायनस काढा’ हा सल्ला जुन्या गाड्यांना सरसकट लागू पडत नाही. नियम असा आहे: जी वायर फ्रेमला जाते, म्हणजे अर्थची वायर, ती आधी काढायची आणि बसवताना सगळ्यात शेवटी जोडायची. जपानी गाड्यांमध्ये सहसा मायनस फ्रेमला असतो. पण लुकास या ब्रिटिश कंपनीची विद्युत यंत्रणा असलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बहुधा प्लस फ्रेमला असतो. अशा गाडीत प्लसची वायर आधी काढायची.

यामागचं कारण साधं आहे. फ्रेमची वायर जोडलेली असताना तुम्ही दुसरं टर्मिनल सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक फ्रेमला लागलं, तर पान्यातून थेट शॉर्ट होतो. छोट्या बॅटरीतूनही त्या क्षणी शंभराहून जास्त अँपिअर वाहू शकतात. अर्थ आधी सोडवली असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही.

रंगावर विसंबून राहू नका. लुकासच्या मूळ वायरिंगमध्ये लाल वायर अर्थची असते, आणि लाल दिसली की लाइव्ह (फ्रेमला न जाणारी) असं समजणाऱ्याची तिथे फसगत होते. वायर बोटाने धरून शेवटपर्यंत जा आणि ती फ्रेमच्या बोल्टला मिळते का ते डोळ्यांनी पाहा. पाहिलंत की डब्याच्या आत रंगाने मोठं लिहून ठेवा: ‘प्लस अर्थ’ किंवा ‘मायनस अर्थ’. गाडी पुढे कुणाच्याही हातात गेली तरी ते उपयोगी पडेल.

डबा आणि ट्रे दुरुस्त करा

ॲसिडने खाल्लेल्या ट्रेमध्ये नवी बॅटरी ठेवण्यात अर्थ नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ट्रेवर ओता. फेस येतोय तोवर ॲसिड शिल्लक आहे, म्हणून फेस पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा ओतत राहा. मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. हाच सोडा बॅटरीच्या बाहेरून पुसायलाही चालतो, पण झाकणांतून आत एक थेंबही जाता कामा नये. आतलं ॲसिड निकामी होतं.

ट्रे वाळला की स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा ठिकठिकाणी दाबून बघा. वरून धड दिसणारा पत्रा घडीच्या कोपऱ्यात आणि स्पॉट-वेल्डच्या दोन पदरांमध्ये कागदासारखा पातळ झालेला असतो, कारण ॲसिड तिथे झिरपून बसतं आणि धुतल्यावरही निघत नाही. टोक आत गेलं तर तो भाग कापून नवा पत्रा जोडावा लागेल. वेल्डिंग करायचं तर ट्रे गाडीवरून पूर्ण काढून करा. नंतर गंज खरवडून प्रायमर, आणि त्यावर दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी रंग, खालच्या बाजूलाही. साधा स्प्रे रंग ॲसिडपुढे टिकत नाही. तळाला पाणी जायचं भोक असेल तर ते बुजवू नका, आणि नसेल तर सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक पाडा.

आता ट्रे फ्रेमला कसा लागतो ते तपासा. बऱ्याच गाड्यांमध्ये ट्रे रबराच्या बुशांवर तरंगता बसवलेला असतो. त्या प्रत्येक बुशाच्या मधून एक छोटी स्टीलची नळी जाते. बोल्ट आवळला की तो या नळीवर थांबतो आणि रबर मोकळं राहतं. जुन्या गाडीत ही नळी हमखास हरवलेली असते. मग बोल्ट आवळत जाऊ तसं रबर चिरडून चपटं होतं, आणि फ्रेमची सगळी कंपनं सरळ ट्रेमध्ये उतरतात. बुश हातात घेऊन बोटांनी दाबा: कडक झालं असेल, तडे असतील किंवा बाजूने फुगून बाहेर आलं असेल तर बदला. नळी रबराच्या जाडीपेक्षा थोडीशीच आखूड हवी, म्हणजे रबर किंचित दाबलं जाईल आणि तिथेच थांबेल. हे काम पंधरा मिनिटांचं आहे आणि बॅटरीच्या आयुष्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

बॅटरी किती मोठी घ्यायची

डब्याची लांबी, रुंदी, उंची मोजा आणि बॅटरी डब्यापेक्षा चारही बाजूंनी ५ ते ६ मिलिमीटर लहान निवडा. ठोकून बसवावी लागणारी बॅटरी चुकीची. पॅकिंगला जागाच राहत नाही आणि गरम झाल्यावर फुगायलाही वाव मिळत नाही. जास्त क्षमतेच्या मोहापायी मोठी बॅटरी कोंबण्यापेक्षा एक माप लहान घेऊन नीट पॅक केलेली कधीही बरी. किकवर चालू होणाऱ्या गाडीला मोठ्या बॅटरीची तशीही गरज नसते.

शक्य असेल तिथे मी सीलबंद एजीएम बॅटरीच सुचवीन. तिच्यातलं ॲसिड काचेच्या तंतूंच्या जाडसर थरात शोषलेलं असतं. ते सांडत नाही, आणि तो थर प्लेटांना दाबून धरत असल्यामुळे लेप सहज सुटत नाही. यूपीएसमध्ये मिळणारी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी सुमारे १५१ × ६५ × ९४ मिलिमीटरची असते आणि अनेक जुन्या डब्यांत बसते. तिची टर्मिनलं मात्र पातळ चपटी पट्टी असतात, ४.८ किंवा ६.३ मिलिमीटर रुंद; वायरचा ताण त्यांवर अजिबात येता कामा नये. पाणी भरायची बॅटरी वापरणार असाल तर ती उभीच बसवायची, तिरकी किंवा आडवी नाही.

लिथियमची बॅटरी वजनाला खूप हलकी असते, पण तिला नियंत्रित चार्जिंग लागतं. जुना झेनर डायोड किंवा यांत्रिक कट-आउट (चार्जिंग सांभाळणारे जुन्या पद्धतीचे भाग) असलेल्या गाडीत ती बसवण्याआधी चार्जिंगची यंत्रणा बदलावी लागेल.

पॅकिंग

आता मुख्य काम. तळाला ४ ते ५ मिलिमीटर जाडीचं, रेघा असलेलं रबर टाका. रेघा ट्रेच्या भोकाकडे जातील अशा ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. सपाट रबर असेल तर कोपरे थोडे कापून वाट करून द्या.

बाजूंना बंद छिद्रांचा ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) फोम सगळ्यात चांगला. हा पाणी शोषत नाही आणि पातळ ॲसिडला दाद देत नाही. जुन्या टायरच्या ट्यूबचं ब्युटाइल रबरही चालतं, विशेषतः फट अगदी थोडी असेल तिथे. साधा स्पंज वापरू नका. तो पाणी आणि ॲसिड धरून ठेवतो आणि ट्रे आतून खात राहतो. नमद्याचं आणि कापडाचंही तेच. थर्मोकोलचा महिन्याभरात भुगा होतो.

आधी पुठ्ठ्याचे साचे कापून बघा. फोम फटीपेक्षा साधारण पाव हिस्सा जाड घ्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या फटीला ५ मिलिमीटरचा. पुढच्या आणि मागच्या बाजूकडे जास्त लक्ष द्या. ब्रेक लागला की आणि मागचं चाक खड्ड्यात आदळलं की बॅटरी त्याच दिशेने सरकते. फोम ट्रेच्या भिंतीला चिकटवा, बॅटरीला नाही. बॅटरी काढताना तो तिच्याबरोबर उखडून यायला नको.

पट्टा न लावता आता परीक्षा घ्या. बॅटरी तळहाताने दाबली की आत जायला हवी आणि दोन्ही हातांनी सरळ ओढली की बाहेर यायला हवी. आत असताना तिला कडेने ढकलून बघा: पूर्ण गाडी स्प्रिंगवर डुलली पाहिजे, पण बॅटरी आणि डब्यात हालचाल दिसता कामा नये. हलली तर पट्टा आवळून ती थांबेल अशा आशेवर राहू नका, पॅकिंग वाढवा.

पट्टा

मूळ रबरी पट्टा मिळत असेल तर तोच लावा. तो ताणून बसतो आणि रबर थोडं सैलावलं तरी धरून ठेवतो. पट्टा टर्मिनलांवरून किंवा पाण्याच्या झाकणांवरून जाऊ देऊ नका. दोन टर्मिनलांमधून जाईल असा बसवा आणि ओढ शक्य तितकी सरळ खाली ठेवा. तिरकी ओढ बॅटरीला एका कोपऱ्यात लोटते.

स्टीलचा पट्टा असेल तर त्याला संपूर्ण रबराचं आवरण हवं. नुसता टर्मिनलजवळचा भाग झाकून पुरत नाही, कारण पट्टा निसटला तर कुठेही पडू शकतो. उभ्या सळया आणि आडवी पट्टी अशी रचना असेल तर सळयांवर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, नायलॉक नट (कंपनांनी सैल न होणारे) वापरा आणि दोन्ही बाजू आलटून पालटून आवळा. वॉशर बोटाने फिरेनासा झाला की अर्धा फेरा द्या आणि थांबा. बॅटरीचं कवच वरून आत दबलेलं दिसत असेल तर जास्त झालं. अति आवळलेल्या बॅटरीचं कवच सांध्यावर तडकतं, आणि ते तडकणं नेमकं गाडी चालवताना होतं.

विणलेला पट्टा वापरायचा असेल तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. नायलॉन ॲसिडने कुजतं. केबल टायही नायलॉनचेच असतात. वायर बांधायला ठीक, बॅटरी धरायला कधीच नाही.

वायरी, फ्यूज आणि वाफेची नळी

जोडणीच्या वायरी मऊ, बहुतारी असाव्यात आणि टर्मिनलपाशी थोडा सैल वळसा द्यावा. टर्मिनलपासून १० सेंटीमीटरच्या आत त्या डब्याला किंवा फ्रेमला क्लिपने धरा, म्हणजे हेलकावे क्लिपवर संपतील. लाइव्ह टर्मिनलवर रबरी टोपी हवीच.

फ्यूज लाइव्ह वायरवर आणि बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. प्लस-अर्थ गाडीत याचा अर्थ मायनसच्या वायरवर. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवरचा ३५ अँपिअर हा वितळण्याचा आकडा आहे. सतत वाहण्याची त्याची क्षमता त्याच्या निम्मी, म्हणजे साधारण १७ अँपिअर. त्या जागी आजचा ३५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज लावला तर फ्यूजच्या आधी वायर जळेल. सेल्फ नसलेल्या गाडीला १५ अँपिअर सहसा पुरतो.

ट्रे रबरावर तरंगता असेल तर त्यातून वीज जात नाही, हे विसरलं जातं. अर्थची वायर ट्रेच्या बोल्टला न लावता थेट फ्रेमला किंवा इंजिनाला न्या. जोडायच्या जागेचा रंग खरवडून पत्रा उघडा करा, बोल्ट आवळा आणि मगच वरून व्हॅसलिन लावा.

पाणी भरायच्या बॅटरीला वाफेची नळी असते. चार्ज होताना बाहेर पडणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, आणि नळीतून ॲसिडचे थेंबही येतात. म्हणून ही नळी स्विंगआर्मच्याही (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या) खाली सोडा; चेन, सायलेन्सर आणि टायर यांच्यापासून दूर. पट्ट्याखाली किंवा सीटखाली ती दबलेली नाही ना, ते तोंडाने न फुंकता हाताने चाचपून पाहा. नळी बंद झाली तर वायू आत कोंडून कवच फुटू शकतं.

सीटची परीक्षा

सीट बसवून हाताने दाबून ‘टेकत नाही’ म्हणणं पुरेसं नाही. मुलांची खेळायची माती किंवा प्लास्टिसिन घ्या आणि तिचे अंगठ्याएवढे गोळे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून दोन्ही टर्मिनलांवर आणि पट्ट्याच्या बकलवर ठेवा. हे करताना अर्थ काढलेली असू द्या. सीट लावा, दोघांनी बसा आणि दोन-चारदा जोरात उड्या मारा. सीट हळूच काढून सगळ्यात जास्त दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. १० मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर काहीतरी बदलायला हवं: बुटकी बॅटरी, खाली पातळ रबर, किंवा सीटच्या तळाला चिकटवलेला जाड रबराचा तुकडा. स्प्रिंगच्या सीटला ही परीक्षा दोनदा घ्या, कारण स्प्रिंगा एका बाजूला कलल्या की पत्रा वेगळ्याच जागी टेकतो. मागचं सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर मडगार्ड ट्रेच्या खालून कुठे घासतो का, तेही याच वेळी बघा.

जुनं रूप राखायचं असेल तर

काळ्या एबोनाइटच्या (कडक रबराच्या) जुन्या पद्धतीच्या बॅटरीच्या डब्यात आधुनिक बॅटरी लपवता येते आणि गाडी मूळ रूपात दिसते. त्यासाठी जुनी बॅटरी कापू नका. आत शिसं आणि ॲसिड असतं आणि ती धूळ फुप्फुसात जाते. रिकामे नवे डबे अनेक गाड्यांसाठी बनतात, ते घ्या. यात पॅकिंग दोनदा करावं लागतं: आतली बॅटरी बाहेरच्या डब्यात, आणि बाहेरचा डबा ट्रेमध्ये. आतलं पॅकिंग पुन्हा कुणी उघडून बघत नाही, म्हणून तिथे फोम जरा जास्तच दाट भरा. वरचं झाकण हवाबंद करू नका. सीलबंद बॅटरीलाही जास्त चार्ज झाल्यास वायू सोडायला वाट लागते.

नंतर कधी बघायचं

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सीट उघडून पट्टा आणि नट तपासा. नवा फोम सुरुवातीला थोडा बसतो आणि पट्टा सैल पडतो. त्यानंतर दर ५०० किलोमीटरला एकदा बॅटरी हाताने ढकलून बघणं पुरे. याच वेळी व्होल्टमीटर लावा. इंजिन फिरत असताना १२ व्होल्टच्या गाडीत १४.८ च्या वर किंवा ६ व्होल्टच्या गाडीत ७.४ च्या वर आकडा जात असेल, तर रेग्युलेटर बिघडलाय. कितीही पक्की बसवली तरी ती बॅटरी उकळून मरेल. रबरी पट्टा दर वेळी दुमडून पाहा. वाकवलेल्या जागी बारीक भेगा उघडल्या तर तो पुढच्या सफरीआधी बदला, आणि एक जादा पट्टा हत्यारांच्या पिशवीत कायमचा राहू द्या.